टप्प्याटप्प्याने समुपदेशन: ईगन यांच्या पद्धतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनाचा कोर्स संपवून नुकतेच कामाला लागलेले अनेक जण मला हे प्रश्न विचारतात. कोणी महिला समुपदेशन केंद्रात असतं, कोणी शाळेत, कोणी ग्रामीण रुग्णालयात, कोणी हेल्पलाइनवर. प्रशिक्षणात तीन टप्प्यांची आकृती सगळ्यांची पाठ होते, पण समोरच्या खुर्चीतला माणूस रडायला लागला की ती आठवत नाही. ही उत्तरं त्या वेळेसाठी आहेत. यातली उदाहरणं कामातूनच आली आहेत. मात्र ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, आणि एकेका उदाहरणात दोन-तीन माणसं एकत्र केली आहेत.

ही पद्धत कोणाची? आणि थोडक्यात आहे तरी काय?

जेरार्ड ईगन हे शिकागोच्या लॉयोला विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायचे. त्यांचं ‘द स्किल्ड हेल्पर’ हे पुस्तक 1975 मध्ये आलं आणि पुढे त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. ईगन यांनी नवा पंथ काढला नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याकडून समानुभूती (समोरच्याच्या जागी जाऊन त्याचं समजून घेणं), सच्चेपणा आणि विनाअट स्वीकार घेतला, रॉबर्ट कार्कहफ यांच्याकडून कौशल्यं शिकवण्याची रीत घेतली, आणि या सगळ्याला एक वाट आखून दिली. ही वाट फक्त मानसशास्त्रज्ञांसाठी नाही. शिक्षक, नर्स, सामाजिक कार्यकर्ते अशा मदतीचं काम करणाऱ्या कोणालाही ती वापरता यावी, हा हेतू आहे.

वाट तीन प्रश्नांची आहे. सध्या काय चाललंय? त्याऐवजी काय हवंय? तिथवर कसं पोचायचं? आकृतीत या तिन्हींच्या खालून एक बाण जातो, तो कृतीचा. तो शेवटी सुरू होत नाही. पहिल्या भेटीनंतर घरी जाऊन माणसाने केलेली लहानशी गोष्टही त्याच बाणावर येते.

प्रत्येक टप्प्याच्या तीन-तीन पायऱ्या असतात. त्या सगळ्या पाठ करायच्या का?

परीक्षेपुरत्या करा. कामाला त्या अशा लक्षात ठेवल्या तरी चालतं. पहिल्या टप्प्यात माणसाची गोष्ट ऐकायची, त्याला स्वतःला न दिसणारी बाजू दिसायला मदत करायची, आणि अनेक अडचणींतली कळीची निवडायची. दुसऱ्यात काय काय शक्य आहे ते मोकळेपणी बघायचं, त्यातून पेलवेल असं एक ध्येय ठरवायचं, आणि त्यासाठी लागणारी किंमत मोजायची तयारी आहे का ते तपासायचं. तिसऱ्यात मार्ग शोधायचे, आपल्याला झेपणारा निवडायचा आणि त्याचं वेळापत्रक करायचं.

क्लायंटला, म्हणजे मदतीसाठी आलेल्या माणसालाही ही चौकट झेपेल तेवढी समजावून सांगावी, असं ईगन यांचं म्हणणं आहे. पण टप्प्यांची नावं आणि आकडे बोलण्यात आणायची गरज नाही. “आता आपण दुसऱ्या टप्प्यात जाऊ” असं कोणाला म्हणू नका.

सुरुवातीला नुसतं ऐकायचं म्हणता. पण नुसतं ऐकून काय होणार?

नुसतं बसून राहिलात तर काहीच होणार नाही. ऐकलेलं परत देता यायला हवं, आणि ते त्याच माणसाच्या भाषेत. एक ताई म्हणाल्या, “कशात जीव रमत नाही. भाकरी थापता थापता हात थांबतो.” शिकाऊ समुपदेशक लगेच म्हणाली, “म्हणजे तुम्हाला नैराश्य जाणवतंय.” ताईंनी मान डोलावली आणि गप्प झाल्या. पुढच्या भेटीत तिने तेच वेगळ्या तऱ्हेने परत दिलं. “हात थांबतो म्हणालात. तेव्हा मनात काय येतं?” त्यावर ताई वीस मिनिटं बोलल्या. थांबलेल्या हातामागे त्यांच्या गेलेल्या बहिणीची गोष्ट होती, आणि आधीच्या भेटीच्या नोंदीत ती कुठेच आलेली नव्हती.

आपल्याकडे लोक शरीराच्या भाषेत बोलतात. डोकं उठतं, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही, पोटात गोळा येतो. त्या शब्दांचं पुस्तकी भाषांतर करण्याची घाई नको. आणि अशी तक्रार पहिल्यांदाच कानावर येत असेल तर डॉक्टरांकडून तपासणी झाली आहे का, हे विचाराच. थायरॉइड किंवा रक्त कमी असल्यानेही माणूस गळून जातो.

‘सोलर’ बैठक आमच्याकडे जमत नाही. बायका नजरेला नजर देत नाहीत. मग?

समोर बसणं, हातापायांची घडी न घालता मोकळं बसणं, किंचित पुढे झुकणं, नजर देणं आणि सैल असणं या पाच गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांचं ते नाव. मी पूर्ण लक्ष देऊन बसलो आहे, हे समोरच्याला कळावं यासाठी त्या आहेत. त्यांना नियम मानू नका, असं ईगन यांनीही सांगितलेलं आहे. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई अनोळखी माणसाच्या नजरेला नजर देणार नाही, आणि तिने ती द्यावी असा आग्रहही नको. खुर्च्या थोड्या तिरक्या ठेवा. चटईवर बसायची सवय असेल तर चटईवर बसा. दार बंद करायचं की लोटून घ्यायचं, ते तिला विचारा.

न दिसणारी बाजू दाखवायची म्हणजे माणसाची चूक काढायची का?

नाही. आणि हे काम पहिल्या दहा मिनिटांत करायचं नसतं. आधी विश्वास बसावा लागतो.

एक मुलगा आला. वय एकोणतीस. पाच वर्षं पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारा. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परतला होता. “अभ्यास होत नाही” एवढंच म्हणून बसला आणि पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत राहिला. पहिल्या भेटीत रात्रीचं जागरण, मेसचं थकलेलं बिल, सोबतच्या मित्राला लागलेली नोकरी, सगळं बाहेर आलं. दुसऱ्या भेटीत तो तीन वेळा म्हणाला, “आबा मला आता घरात घेणार नाहीत.” तिसऱ्यांदा म्हणाल्यावर मी विचारलं, “असं ते कधी म्हणाले?” लेबल सोलणारं बोट थांबलं. आबा असं कधीच म्हणाले नव्हते. दिवाळीपासून दोघांचं पाच मिनिटांच्या वर बोलणंच झालं नव्हतं.

त्याने धरून ठेवलेलं वाक्य कोणाचं आहे, एवढंच मी विचारलं होतं. “तू उगाच गैरसमज करून घेतोयस” म्हणाले असते तर तो उठून गेला असता.

मारहाण सोसणाऱ्या बाईला मात्र “तुमच्याकडून काय चुकतं?” हा प्रश्न न दिसणारी बाजू म्हणून कधीही विचारू नका. तिथे पहिला विषय तिच्या सुरक्षिततेचा. कौटुंबिक हिंसाचारविरोधी 2005 चा कायदा, त्याखालचे संरक्षण अधिकारी, महिला हेल्पलाइनचा 181 आणि तातडीच्या मदतीचा 112 हे क्रमांक तुमच्या तोंडपाठ हवेत.

दुसरा टप्पा आम्ही नेहमी उडी मारून ओलांडतो. त्याने एवढं काय बिघडतं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

अडचण कळली की आपण लगेच उपायाकडे धावतो. अभ्यास होत नाही, तर वेळापत्रक करा. नवरा पितो, तर व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता घ्या. पण त्या माणसाला नेमकं काय हवंय, हे मध्ये कोणी विचारलेलंच नसतं. आपल्या घरांमध्ये हा प्रश्न फार थोड्यांच्या वाट्याला येतो. मुलांना “काय व्हायचंय?” विचारतात, पण उत्तर ठरलेलं असतं. लग्न होऊन आलेल्या मुलीला तर स्वयंपाकात काय आवडतं हेही कोणी विचारत नाही. त्यामुळे चाळिशीच्या बाईला “तुम्हाला काय हवंय?” असं विचारलं की ती आधी गोंधळते, मग म्हणते, “त्यांनी दारू सोडावी.” पुढे म्हणते, “मुलाचं नीट व्हावं.” सगळी उत्तरं दुसऱ्याबद्दलची.

ही उत्तरं खोडून काढायची नाहीत. तिथूनच पुढे जायचं. मी विचारते, “समजा त्यांनी सोडली. मग तुमचा दिवस कसा जाईल? सकाळी उठल्यावर पहिलं काय वेगळं असेल?” एकीने बराच विचार करून सांगितलं, “मी संध्याकाळी अंगणात बसेन. आत्ता सात वाजले की मी आतून कडी लावते.” इथे धरायला काहीतरी मिळालं. संध्याकाळी निर्धास्तपणे बसता येणं हे ध्येय होऊ शकतं, आणि त्यातला काही भाग नवऱ्याने दारू सोडेपर्यंत थांबून न राहताही तिच्या हातात आहे. बचत गटाची बैठक संध्याकाळी ठेवणं, जाऊबाईंना सांगून ठेवणं, गरज पडली तर कुठे जायचं ते आधी ठरवणं.

ध्येय त्या माणसाच्या स्वतःच्या वागण्याबद्दल हवं आणि दिसेल असं हवं. “मन शांत व्हावं” ही इच्छा झाली. “आठवड्यातून दोन रात्री तरी बाराच्या आत झोपणं” हे ध्येय.

त्या एमपीएससीच्या मुलाला मी विचारलं, “एक वर्षानंतरचा साधा मंगळवार डोळ्यांपुढे आण. सकाळी अकरा वाजता तू काय करतोयस?” पहिलं उत्तर आलं, “आबांना गावात मान खाली घालावी लागत नाहीये.” मी म्हटलं, “ते आबांचं झालं. तू काय करतोयस?” बराच वेळ गेला. मग म्हणाला, “कोणीतरी मला काहीतरी विचारतंय, आणि मला ते समजावून सांगता येतंय.” अभ्यासिकेतली नवी मुलं राज्यघटना समजून घ्यायला त्याच्याकडेच येत, हे तो आठ दिवसांपूर्वी ओझरतं बोलला होता. परीक्षा द्यायची की सोडायची या दोनच दारांमध्ये तो पाच वर्षं उभा होता. तिसरं दार त्याच्याच बोलण्यात होतं.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन धागे सांगितले. ध्येयाबद्दल एकमत, कामांबद्दल एकमत आणि आपुलकीचं बंधन. आपण आपुलकी सांभाळतो, काम देतो आणि ध्येय गृहीत धरतो. “सांगितलेलं करतच नाहीत” ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

लोक सरळ म्हणतात, “मॅडम, तुम्हीच सांगा काय करू.” तेव्हा काय म्हणायचं?

त्यांची अपेक्षा चुकीची नाही. घरातलं थोरलं माणूस, गुरुजी, डॉक्टर, सगळेच सांगत आले आहेत. शिवाय ‘समुपदेशन’ या शब्दातच उपदेश आहे. “आम्ही सल्ला देत नाही” हे कोरडं वाक्य तोंडावर मारू नका, त्याने माणूस तुटतो. मी म्हणते, “माझ्याकडे आहे ती माहिती मी नक्की देईन. पण घर तुमचं, माणसं तुमची. मला अजून तीन गोष्टी समजून घ्यायच्यात.” माहिती आणि सल्ला यांत फरक आहे. पोटगीसाठी अर्ज कुठे करायचा, रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते, हे सरळ सांगायचं. नवऱ्याला सोडा किंवा सोडू नका, हे आपण सांगायचं नाही.

तिसऱ्या टप्प्यात योजना कशी करायची?

आधी भरपूर मार्ग सुचू द्या, वेडेवाकडे वाटले तरी. मग मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या विचारातून आलेलं एक साधं साधन वापरा. कागदाच्या मधोमध रेघ मारा. एका बाजूला पुढे रेटणाऱ्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला मागे ओढणाऱ्या. रेटणाऱ्या वाढवण्यापेक्षा ओढणारी एखादी कमी करणं पुष्कळदा सोपं पडतं. त्या मुलाच्या कागदावर ‘आबा’ दोन्ही बाजूंना आले. ‘काका’ फक्त रेटणाऱ्या बाजूला. म्हणून आधी काकांशी बोलायचं ठरलं. वार ठरला, वेळ ठरली, आणि काकांनी फोन उचलला नाही तर काय, तेही ठरलं.

पुढे त्याने आणखी एक प्रयत्न करायचं ठरवलं, सोबत अभ्यासिकेत दोन तास शिकवण्याचं काम घेतलं. परीक्षा त्याने थांबवावी असं मला वाटत होतं. मी ते बोलले नाही. किंमत मोजून बघितलेला निर्णय होता, आणि तो त्याचा होता.

टप्पे क्रमानेच घ्यायचे का? आमच्याकडे माणूस एकदाच येतो.

क्रम नकाशातला आहे. चालताना मागेपुढे व्हायचंच. योजना तीनदा फसली की मी पहिल्या टप्प्यावर परत जाते, कारण बहुतेकदा गोष्टीतलं काहीतरी ऐकायचं राहिलेलं असतं.

दोन एसट्या बदलून आलेली बाई पुढच्या आठवड्यात येईलच असं नाही, म्हणून पंचेचाळीस मिनिटांत छोटी फेरी पूर्ण करा. पहिली पंचवीस मिनिटं ऐकण्याची. मग एकच प्रश्न, “आज इथून जाताना काय थोडं हलकं झालेलं हवंय?” शेवटची दहा मिनिटं उद्या करता येईल अशा एका कामाला. वेळ कमी आहे म्हणून ऐकणं कापू नका.

घरचे सोबत येतात आणि तेच बोलतात. ही पद्धत तर एकट्या माणसासाठी आहे ना?

हा आक्षेप रास्त आहे. ही चौकट अमेरिकेत घडली आणि तिच्या मध्यभागी एकटी व्यक्ती आहे. आपल्याकडे निर्णय क्वचितच एकट्याचा असतो. मी पहिली दहा मिनिटं सगळ्यांना बसवते, प्रत्येकाचं ऐकते आणि मग नेमाप्रमाणे एकट्याशी बोलते. घरच्यांना कोरडं बाहेर काढू नका, “तुमच्याशी नंतर पुन्हा बोलते” म्हणा आणि खरंच बोला. दुसऱ्या टप्प्यात घरच्यांची इच्छा आणि क्लायंटची इच्छा कागदावर वेगवेगळ्या लिहा. दोन्ही खऱ्या आहेत, पण एक नव्हेत.

‘विवेकनिष्ठ’ पद्धत शिकलोय. ती सोडायची का?

मुळीच नाही. अविवेकी समजुती तपासून बदलायला शिकवणारी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत रुजली आणि ती फार उपयोगी आहे. ईगन यांची चौकट कपाटासारखी आहे, तुमची हत्यारं तिच्यात बसतात. “मला परीक्षेत यश मिळालंच पाहिजे” या हट्टाशी वाद घालणं हे पहिल्या टप्प्यातल्या न दिसणाऱ्या बाजूचं काम.

व्यसनाच्या कामात प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांचे बदलाचे टप्पे शिकवतात. त्यांची यात गल्लत करू नका. ते टप्पे माणसाची तयारी कुठवर आली आहे ते सांगतात, ईगन यांचे टप्पे आपलं काम कुठे आलंय ते सांगतात. ज्याला अजून दारू ही अडचणच वाटत नाही, त्याच्यासोबत तिसऱ्या टप्प्यातली योजना करणं व्यर्थ आहे.

ही पद्धत कधी बाजूला ठेवायची?

माणूस नशेत असेल, भास होत असतील, वास्तवाशी संबंध सुटला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा, आणि शक्य असेल तर सोबत जा. आत्महत्येचा विचार असेल अशी शंका आली तर थेट विचारा, “जीव संपवावा असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. साधन हाताशी आहे का, तेही विचारा. शेतकरी घरात कीटकनाशक कुठे ठेवलंय, ते दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात जाईल का, हा त्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो. त्या माणसाला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर 24 तास मराठीतही बोलता येतं. ध्येय आणि योजना नंतर.

गुप्ततेचं काय सांगायचं?

पहिल्याच भेटीत, मर्यादांसकट सांगायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 गोपनीयतेचा हक्क देतो. पण जीवाला धोका असेल तर आपण गप्प बसणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. हे गोष्ट सांगून झाल्यावर कळलं तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं.

ठरवलेलं न करताच क्लायंट परत आला, तर?

“का नाही केलं?” हा प्रश्न टाळा, तो शाळेतला आहे. “करायला गेलात तेव्हा कुठे अडलं?” असं विचारा. वही काढा, मागच्या वेळची रेघ मारलेली पानं दोघांच्या मध्ये ठेवा आणि मागे ओढणाऱ्या बाजूला काही लिहायचं राहिलं होतं का, ते दोघं मिळून बघा. पेन त्यांच्या हातात द्या. लिहिता येत नसेल तर ते सांगतील त्याच शब्दांत तुम्ही लिहा आणि वाचून दाखवा.